गुणवंतराव ग्रेडर आणि कापसातली बिअर

आमच्या सासूबाईंचं सरणसुद्धा गुणवंतरावांनी नापास केलं होतं.

घरात रडारड चाललेली, तिरडी बांधून झालेली, आणि हा माणूस लाकडांच्या ट्रॅक्टरपाशी उभा. एक ढलपी उचलली, नखानं कोरली, दाताखाली धरली, थुंकली आणि आमच्या ह्यांना म्हणाला, "ओल हाये. नॉन-एफएक्यू." आमचे हे आईच्या आठवणीनं डोळे पुसत होते, ते पुसायचे थांबले. "मंग आता काय करू, भाऊ?" तर म्हणे, "म्या ग्रेड सांगतली. काय करायचं ते पार्टीनं ठरवावं." पार्टी म्हणजे आम्ही, आणि माल म्हणजे सासूबाई! मी आतून ऐकलं आणि भर दुःखात मला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला, खांदे हलायला लागले, तर बायका म्हणाल्या, बघा, सुनेला किती लागलं.

तेरवीला हाच माणूस पंगतीत बसून बुंदीचा लाडू फोडत होता. दाणे ताटाच्या कडेला एका ओळीत मांडले आणि शेजाऱ्याला दाखवले. "बारीक-मोठे हायेत. एकसारखे नाईत." खाल्ले मात्र चार लाडू, मी स्वतः वाढले.

मी बोरी अरबची गिरणीवाली. पिठाची गिरणी चालवते आणि तोंडानं फटकळ आहे, दोन्ही गोष्टी पंचक्रोशीत माहीत आहेत. गुणवंतराव इंगोले आमचे शेजारी, गिरणीची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. ते सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकरी कापसाची गाडी घेऊन केंद्रावर येतो. ग्रेडर गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो, बोळाभर कापूस उपसतो आणि त्या बोळ्यावरून अख्ख्या गाडीचं नशीब सांगतो. माल चांगला असला तर एफएक्यू. त्याखालचा नॉन-एफएक्यू. आणि अगदीच ओला असला तर "घरी न्या". एवढाच त्यांचा शब्दकोश, आणि त्यातला पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघालेला माझ्या ऐकण्यात नव्हता.

ग्रेड करायची त्यांची एक रीत आहे. बोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, हळूच ओढायचा, अर्धा अर्ध्यावर ठेवून पुन्हा ओढायचा, म्हणजे धागा किती लांब ते दिसतं. मग आतली सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर माल वाळलेला, चिबली तर ओला. पुढे केंद्र बंद पडलं, गुणवंतराव रिटायर झाले, पण ती चिमूट काही रिटायर झाली नाही. समोरच्या सत्तारभाई मेकॅनिकनं मोटारसायकलला नवीन सीट बसवली तर ह्यांनी शिवणीच्या फटीतून फोम ओढून पाहिला. शाळेतली खिचडी, दवाखान्यातली पट्टी, लग्नपत्रिकेचा कागद, कशालाही हात घालतात आणि म्हणतात, "सँपल पाहू द्या." वर तत्त्वज्ञान असं, "पाह्यल्याबिगर आपन बोलत नाई, अन् पाह्यल्यावर खोटं बोलत नाई."

गुणवंतरावांच्या लग्नाच्या पहिल्याच साली त्यांच्या सासऱ्यांची गाडी ह्यांच्या केंद्रावर आली होती. जावईच ग्रेडर म्हटल्यावर सासरे हसत हसत आले, बिचारे. जावयानं सरकी चावली आणि गाडी घरी पाठवली. बायको अख्खा हंगाम ह्यांच्याशी बोलली नाही. "नाई बोलली तं नाई बोलली. सरकी चिबली होती," असं ते अजून ऐटीत सांगतात. ती माउली आता नाही. तिच्या भाकरीला ह्यांनी जन्मभर काय ग्रेड दिली ते मी कधी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर मी लाटणं फेकून मारलं असतं.

माझ्या पिठाचं तर विचारूच नका. रोज सकाळी डबा घेऊन येणार, गरम पिठात बोटं घालणार आणि म्हणणार, "वैनी, आज जाड हाये."

"कालच दगडाले टाकी लावली, भाऊजी!"

"म्हून तं म्हनतो. काल बरं होतं."

"काल तुमी म्हनले लय बारीक हाये!"

"काल बारीकच होतं."

असा माणूस. आणि अशा माणसाच्या पोटी पल्लवी.

पोरगी हुशार. अमरावतीला जंतूंचं शास्त्र शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. कुठे, तर बिअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. गुणवंतरावांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. माळबीळ काही नाही गळ्यात, पण आयुष्यभर ओलीशी भांडलेला माणूस, साधं पाणीही संशयानं पितो. पोरीनं पेढे आणले, बातमी सांगितली. ह्यांनी पेढा खाली ठेवला आणि पेढ्याला नाही, नोकरीला ग्रेड दिली. "बिअरचा कारखाना? नॉन-एफएक्यू."

पल्लवी माझ्यासारखी आरडाओरडा करणारी नव्हे. शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही सँपल न पाहता नापास केलं. सासऱ्याच्या गाडीत निदान हात तरी घातला होता." बॅग उचलली आणि गेली. त्यानंतर दोन वर्षं बोरीला आली नाही. महिन्याला फोन यायचा. जेवले का, औषध घेतलं का, ठेवते. गावात कुणी विचारलं तर गुणवंतराव सांगायचे, "पानी तपासते पुन्यात." तेवढं एक खोटं त्यांना कसं चालत होतं देव जाणे.

हा माणूस तोंडानं काही बोलत नव्हता, पण दर फाल्गुनात पोरीला धने पाठवायचा. शेताच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधालगत, दोन सऱ्या सांबाराच्या असतात, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्याचे धने वाळवून, निवडून, एकेक दाणा डोळ्यांजवळ नेऊन अर्धे नापास करून, उरलेले पिशवीत शिवून ट्रॅव्हल्सवाल्याजवळ द्यायचे. पोचले, नाही पोचले, आवडले, काही उत्तर नाही. "फेकत असंन," ते म्हणायचे. "तिथी काय, पुडीत भेटतात मसाले." आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा निवडायला बसायचे.

आता त्या सालाकडे येते. त्या साली कापसाची अशी काही वाट लागली की विचारता सोय नाही. अर्धी बोंडं अळीनं खाल्ली, उरल्यासुरल्याचा भाव बसला. आज चढेल, उद्या चढेल म्हणून अख्ख्या गावानं कापूस घरात भरून ठेवला. माणसं ओसरीवर आणि कापूस पलंगावर! त्या ढिगांत बारीक किडे झाले, त्यामुळे लहानथोर सगळे खाजवत होते. पाहुणा आला की आधी पाणी, मग खोबरेल तेल. सरपंचाला सभेत खाजवताना पाहून मला फार बरं वाटलं होतं.

गुणवंतरावांनी आपला कापूस पल्लवीच्या खोलीत भरला. दुसरी जागाच नाही म्हणायचे. जागा होती, ओसरीलगतची मोठी खोली रिकामी होती. पण पोरीची खोली रिकामी दिसायची ते त्यांच्यानं बघवत नव्हतं, असं माझं मत आहे. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पल्लवीचा फोन आला. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, आवाजात वर्षं काढल्यानं ह्यांचे कान अधू, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या घरातलं गुपित म्हणजे आमच्या गल्लीतली बातमी.

"बाबा, मी पहिल्यांदा स्वतःची बिअर केली आहे. बाटल्या पाठवते. तुम्ही चाखायची."

"मी?"

"तुम्हीच. पुढच्या महिन्यात बंगळूरला स्पर्धा आहे, तिथे पाठवायची की नाही ते ठरवायचं आहे. इथे सगळे 'छान आहे, छान आहे' म्हणतात. मला छान नको. माझ्या ओळखीत खोटं न बोलणारा एकच माणूस आहे, आणि त्यानं मला न चाखता नापास केलं आहे. आता चाखून करा. रविवारी संध्याकाळी फोन करते."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. ही म्हणे बेल्जियम देशातल्या शेतकऱ्यांची बिअर. ते लोक हिवाळ्यात शेतावरच्या घरात बनवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या मजुरांना प्यायला द्यायचे. फार्महाऊस एल म्हणतात. त्यात मसाला असतो. हिनं संत्र्याची वाळकी साल, धने आणि थोडे मिरे घातले होते. बघताना रंग बघायचा, मग वास, मग छोटा घोट, तो तोंडात फिरवायचा, गिळल्यावर थांबायचं आणि मगच बोलायचं.

"मजुरायले बिअर!" गुणवंतराव फोन ठेवल्यावर म्हणाले. "आपन मजुरायले चहा देतो तं साखर हात राखून टाकतो." पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन वर्षांनी पोरीनं काहीतरी मागितलं होतं, आणि तेही ग्रेड! मला हळूच म्हणाले, "वैनी, हे बराबर झालं पाह्यजे. येच्यात चुकलो तं पोट्टी पुन्हा या उंबऱ्यात येनार नाई."

खोकं आलं. वरती पल्लवीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आयुर्वेदिक काढा. उभे ठेवा. थंड व अंधाऱ्या जागी." आत सहा बाटल्या, बुचं दोऱ्यानं करकचून बांधलेली. प्रवासात हलल्या आहेत तर रविवारपर्यंत निवांत ठेवा, असं ती बजावून होती. घरात फ्रीज नाही. माझा फ्रीज मी देऊ केला, तर आमच्या ह्यांचे डोळे असे काही चमकले की गुणवंतरावांनी खोकं छातीशी धरलं.

"कापसात ठेवतो," ते म्हणाले. "अंधार बी हाये, कोनाले दिसत बी नाई. हात घालून पाहा वैनी, कसं थंड लागते."

सकाळी हात घातला तर थंडच लागणार! पण ग्रेडरसाहेबांना कापसाबद्दल मी काय सांगणार? त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून एकेक बाटली आत सरकवली. उभी राहीना म्हणून आडवी केली, आणि ढिगाच्या उतारावर निजवल्यानं सगळ्यांची तोंडं खाली. वरून कापूस पांघरला. लेकराला निजवावं तसा थोपटलासुद्धा.

आमच्याकडचं ऊन, वरती टिनाचं छप्पर, खाली दुलईसारखा कापूस आणि दुलईत जिवंत खमीर असलेली बिअर. पुढचं कोणत्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळेल. मला कळायला हवं होतं, पण मी त्या दिवशी उडदाच्या दळणात होते.

शनिवारी भर दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला. ठप्प! मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. गिरणी बंद केली तर पुन्हा ठप्प! समोरून सत्तारभाई पाना हातात घेऊन ओरडत आले, "वैनी, कोनाचा टायर गया?" तेवढ्यात गुणवंतराव धोतर सावरत अंगणात. "पल्लवीच्या खोलीत कोनी हाये!"

आम्ही तिघं दारात उभे. आत माणूस नाही, फक्त कापूस. बघता बघता ढिगाची एक बाजू उसळली, ठप्प झालं, आणि बूच कापसातून निघून दाराच्या कडीवर टन्न आदळलं, तिथून सत्तारभाईंच्या टोपीवर. सत्तारभाई "या अल्ला" म्हणत खालीच बसले. मला सगळं एकदम कळलं आणि तोंडून निघालं, "अव माय! भाऊजी, तुमची बिअर व्याली!"

बोलायला नको होतं. पण आलं तोंडात ते आलं.

ढिगात हात घालघालून बाटल्या काढल्या. फुटली एकही नव्हती, पण एव्हाना दोरे तुटून सगळ्यांची बुचं उडालेली, आणि तोंडं खाली असल्यानं आतला थेंब न् थेंब कापसात गेलेला. खोलीभर संत्र्याच्या सालीचा, धन्याचा आणि फुगलेल्या पिठाचा वास. आवाज ऐकून आमचे हे आले, त्यांनी दीर्घ श्वास घेतला, आणि आईच्या वेळी आलं नव्हतं तेवढं पाणी त्यांच्या डोळ्यांत आलं. म्हणाले, "पिळून पाहाव का?"

गुणवंतराव कापसातच बसले होते. मांडीवर रिकामी बाटली.

मग सल्ले सुरू झाले. आमचे हे म्हणाले, "त्यात काय? सांगून द्या, फसकिलास होती. पोरगी खूश." सत्तारभाई टोपी झटकत म्हणाले, "यवतमाळातून दुसरी आनू का? बिअर बिअर सारखीच असंन. मले काय माईत, मी पेत नाई." मी म्हटलं, "सरळ खरं सांगा. उन्हानं बुचं उडाली म्हना."

"खरं सांगू?" गुणवंतराव म्हणाले. "माझं खरं तिले पटंन का, वैनी? ज्या बापानं नोकरी न पाहता नापास केली, त्यानं म्हनायचं की बाटल्या कापसात ठेवल्या अन् उडून गेल्या? ती म्हनंन, बाबानं मुद्दाम नालीत ओतली. मी असतो तं मीच म्हनलं असतं."

खोटं सांगितलं तर त्यांच्याच तत्त्वाला हरताळ, आणि खरं सांगितलं तर पोरगी हातची जाणार. मला त्यांची फार दया आली. म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, "मंग बसा असेच रविवारपर्यंत कापसात!"

ते बसले तसेच. आणि थोड्या वेळानं, खरं सांगते, त्यांचा हात आपोआप ढिगात गेला. सवयीनं. कोपरापर्यंत आत गेला आणि बोळा घेऊन बाहेर आला. ओला, पिवळसर, चिकट बोळा. कच्चा कापूस पाणी लवकर पीत नाही म्हणतात. बिअर मात्र बरी प्यायला होता. गुणवंतरावांनी बोळा डोळ्यांसमोर धरला, दोन्ही चिमटींत घेऊन ओढला, नाकाशी नेला.

"सँपल तं हाये," ते पुटपुटले.

आणि ज्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, त्यानं बोळा तोंडात घातला आणि चोखला!

तोंडातला रस इकडून तिकडे फिरवला, गिळला आणि पोरीनं सांगितलं होतं तसे थांबले. आम्हीही श्वास धरून थांबलो. त्यांनी दुसरा बोळा काढला, ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं, म्हणजे सँपल सगळीकडून यावं. मग तिसरा. एक मला दिला. नाही म्हणावं तर माणूस इतका गंभीर की मला बाई तो घ्यावाच लागला. आधी आंबट लागलं, मग संत्र्याच्या सालीसारखं कडू, मग घशात मिरे चावले, आणि तोंड पुन्हा कोरडं करून गेलं. उन्हात दुसरा घोट मागावा असं काहीतरी होतं. आमच्या ह्यांनी न विचारता चार बोळे संपवले. सत्तारभाईंनी फक्त वास घेतला आणि म्हणाले, "खुशबू अच्छी है. बाकी तौबा."

गुणवंतरावांनी मध्येच दातांतून काहीतरी काढलं. सरकी नव्हती. अर्धा फुटलेला धन्याचा दाणा होता. तळहातावर घेतला, उन्हाच्या कवडशात धरला, नखानं उलटा केला, पुन्हा दाताखाली चावून पाहिला.

"हे आपले हायेत," ते म्हणाले.

"काय आपलं?"

"धने. आपल्या धुऱ्यावरचे. बाजाराचा दाना गोल अन् मोठा असते, हा लांबट हाये." त्यांनी दाणा मुठीत धरला. मग म्हणाले, "फेकले नाईत तिनं, वैनी. जपून ठेवले होते." त्यांनी तोंड फिरवलं आणि कापसात काड्याकचरा शोधायला लागले.

रविवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. खोटं कशाला सांगू, मी गिरणी बंद करून आले होते.

"चाखली, बाबा?"

"चाखली." गुणवंतराव ताठ बसले, केंद्रावर बसायचे तसे. "आयक. रंग फिका पिवळा. सालीचा वास पयले येते, ते बराबर. धने भरडले तू, दयले नाईत, ते बी बराबर. मिरे जरासे जास्त. घशात रुतून बसतात, कमी कर. आंबटपना बेतानं हाये. मांगून तोंड कोरडं पडते, ते मले आवडलं. फेसाचं काई सांगता येत नाई. अन् मांगून जरासा कापसाचा वास येते."

"कापसाचा? बाबा, त्यात कापूस कुठून येईल?"

आता खरी कसोटी होती. आमच्या ह्यांनी मान हलवून नको नको खुणावलं. पण गुणवंतरावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: आडव्या बाटल्या, टिन, उडालेली बुचं, सत्तारभाईंची टोपी. काहीही गाळलं नाही. "म्या मुद्दाम नाई केलं, बाई. तुले पटो का न पटो. थंड लागत होतं सकायी, म्हून ठेवल्या."

मग पल्लवीचा आवाज आला. पुण्याला गेल्यापासून ती एकदम शुद्ध बोलते, त्या दिवशी शुद्ध कुठल्या कुठे गेलं होतं.

"बाबा, म्हंजे तुमी कापूस चोखून राह्यले होते? माझ्यासाठी?"

"सँपल तं घ्याच लागते," गुणवंतराव म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता नाक ओढल्याचाही आवाज आला. मी इकडे डोळ्याला पदर लावला, आणि ह्या वेळी पदराआड हसू नव्हतं. मग ती म्हणाली, "बरं, ग्रेड सांगा. पास का नापास?"

गुणवंतरावांनी आमच्याकडे पाहिलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"ग्रेड देता येत नाई."

"काहून?"

"सँपल अपुरं हाये. कापसातून गाळलेलं सँपल कोनी धरते का? फेस पाह्यला नाई, पेल्यात रंग पाह्यला नाई. ताज्या बाटल्या पाह्यजे. अन् ट्रॅव्हल्सनं धाडू नको, हालतात. तू स्वतः घेऊन ये."

मला इतका संताप आला! दोन वर्षांनी पोरगी इतकी वितळली, एक शब्द 'पास' म्हणायला ह्यांच्या बापाचं काय जात होतं? पण पलीकडून पल्लवी म्हणाली, "येते. आंब्याचा रस करून ठेवा." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या दारात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा. अख्खं गाव भावाची वाट बघत खाजवत बसलेलं आणि हे पडेल भावात कापूस मोजून देत होते. मी ओरडले, "भाऊजी, उन्हानं डोकं फिरलं का? पंधरा दिवस दम धरा!" ते म्हणाले, "खोली पाह्यजे, वैनी." व्यापाऱ्याच्या पोऱ्यानं ओल्या ढिगात हात घातला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काका, हे नाई चालत. हे राहू द्या घरीच." सगळ्या तालुक्याच्या गाड्या परत पाठवलेल्या माणसाचा माल त्याच्याच दारात नापास झाला. आणि हा माणूस खुशीत! पोऱ्याची पाठ थोपटून म्हणाला, "बराबर पाह्यलं. शिकशीन तू."

तो ओला कापूस त्यांनी वाळवला, सरकी काढून आणली आणि पिंजाऱ्याकडून गादी भरून घेतली. वाळवतानाही उन्हात पसरला नाही, सावलीत, चादरीखाली. वास जाईल म्हणून.

परवा मी त्यांचा पिठाचा डबा द्यायला गेले. पल्लवीची खोली झाडून लख्ख केलेली, पलंगावर नवी गादी. गुणवंतराव तिच्यावर तळहात दाबून बघत होते, कुठे गाठ राहिली का ते. खोलीत अजून संत्र्याच्या सालीचा वास होता. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "भाऊजी, आता कोनी नाई. खरं सांगा. बिअर कशी होती?"

त्यांनी एकदा अंगणाकडे पाहिलं. पोरगी पुण्यात आहे हे जणू विसरून आवाज खाली आणला.

"एफएक्यू होती, वैनी. पयल्याच बोळ्यात समजलं."

"मंग सांगतलं काहून नाई तिले?"

"सांगतलं असतं तं फोनवरच काम झालं असतं. ती बंगळूरले गेली असती." त्यांनी गादीवरची सुरकुती हातानं सारखी केली. "येथी कायले आली असती?"

त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण काढलं, पिठात बोटं घातली आणि म्हणाले, "आज जाड हाये."